आजीची काशाची वाटी आणि नादस्नान: सिंगिंग बाऊल पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

माझ्या आजीकडे एक काशाची वाटी होती. रात्री निजानीज व्हायच्या आधी ती आजोबांच्या तळपायांना तूप लावून त्या वाटीनं पाय घासून द्यायची. झालं की वाटी पुसून कोनाड्यात ठेवायची. ठेवताना कड दगडाला लागायची आणि एक बारीक, लांबलचक नाद खोलीभर फिरायचा. तो विरेपर्यंत आम्ही मुलं गप्प पडून असायचो. झोप त्याच्या मागोमाग यायची.

पुढे कितीतरी वर्षांनी नेपाळमधल्या पाटणला एका कारखान्यात तापून लाल झालेला काशाचा गोळा पाहिला. त्याच्याभोवती बसून माणसं पाळीपाळीनं घण घालत होती, एकाचा उचलला की दुसऱ्याचा पडत होता. तयार वाटीवर कारागिरानं दांडी हलकेच टेकवली आणि मला आजीचा कोनाडा आठवला. धातू तोच. साधारण ७८ टक्के तांबं आणि उरलेलं कथील.

गेली सात वर्षं मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जणांसाठी या वाट्या, म्हणजेच सिंगिंग बाऊल, वाजवते. नवीन येणाऱ्यांचे प्रश्न दरवेळी तेच असतात. कुठली घ्यावी, कशी वाजवावी, काही अपाय होतो का, आणि मला मधेच रडू का आलं. त्यांची उत्तरं इथे क्रमानं देते.

आधी शब्द समजून घेऊ

साउंड बाथ म्हणजे नादस्नान. तुम्ही चटईवर आडवं पडायचं, डोळे मिटायचे आणि कुणीतरी वाटी, घंटा, गाँग (टांगलेली मोठी धातूची थाळी) अशी दीर्घ आस असलेली, म्हणजे टोल्यानंतर नाद बराच वेळ रेंगाळणारी वाद्यं सावकाश वाजवायची. गायचं नाही, मंत्र म्हणायचा नाही, श्वास रोखायचा नाही. पाऊण तास ते तास, एवढंच.

या वाट्यांना सर्रास ‘तिबेटी’ म्हणतात. बहुतेक वाट्या नेपाळ आणि भारतात घडतात. तिबेटातले लामा हजारो वर्षं यांनी रोग बरे करत होते, असं दुकानात ऐकायला मिळतं, पण त्याला आधार सापडत नाही. नादस्नानाचं आजचं रूप १९७० च्या दशकापासून अमेरिका-युरोपात घडलं. जपानमध्ये मात्र घरच्या देव्हाऱ्यापुढे ‘रिन’ नावाची अशीच वाटी ठेवतात आणि प्रार्थनेच्या वेळी तिच्यावर टोला देतात, ही प्रथा जुनी आणि जिवंत आहे. वाटीला खोटा इतिहास चिकटवायची गरज नाही. तिचा नाद पुरेसा आहे.

तो नाद असा हेलकावे का घेतो, हेही जाणून घ्या, कारण ऐकण्याची सगळी मजा त्यातच आहे. हातानं ठोकलेली वाटी कधी अगदी गोल नसते. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ. म्हणून तिच्यातून एकाच वेळी दोन अगदी जवळजवळचे स्वर निघतात. एकाची सेकंदाला २२० कंपनं आणि दुसऱ्याची २२३ असली, तर कानाला सेकंदाला तीन लाटा ऐकू येतात: वाँव, वाँव, वाँव. तानपुरा जुळवणाऱ्यांना ही लाट चांगली ठाऊक असते. दोन तारा किंचित वेगळ्या असल्या की ती येते, मिळाल्या की थांबते. तिथे लाट घालवायची असते, इथे ती हवी असते. तिच्यामागे जाता जाता मनाला दुसरीकडे भटकायला फारशी जागा उरत नाही.

पहिली पायरी: आपल्याला चालेल का, हे बघा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. अपस्माराचा त्रास असेल, विशेषतः आवाजानं झटका येत असेल, तर हे टाळा. पेसमेकर बसवलेला असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, हाडात धातूची पट्टी वा स्क्रू असेल, तर वाटी अंगावर ठेवून वाजवू देऊ नका, आणि दुरून ऐकायचीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी, त्यातही पहिल्या तीन महिन्यांत, आपल्या डॉक्टरांच्या परवानगीशिवाय नको. कानात सतत गुंई आवाज येणाऱ्यांना आणि अर्धशिशीवाल्यांना कधी बरं वाटतं, कधी त्रास वाढतो. त्यांनी पाच मिनिटांपासून, लांब बसून सुरुवात करावी. श्रवणयंत्र लावत असाल तर काढावं की आवाज कमी करावा, हे आधी घरी एका टोल्यावर पडताळा.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगते. नैराश्य, चिंतेचे झटके, मोठ्या आघातानंतरची भीती यासाठी औषधं चालू असतील, तर ती वाटीसाठी बंद करू नका. वाटी औषधाच्या जोडीला चालते, औषधाच्या जागी नाही. फार कोंडल्यासारखं झालं तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

दुसरी पायरी: विकत घेण्याआधी कान तयार करा

आठवडाभर काही विकत घेऊ नका. घरात जे आहे त्याच्यावर ऐकायला शिका. देवघरातली घंटा एकदाच हलवा, लगेच लोलक बोटानं धरा आणि नाद पूर्ण विरेपर्यंत ऐका. स्टीलच्या पातेल्यावर चमच्यानं टिचकी मारा, मग काशाचं काही असेल तर त्यावर. स्टीलचा आवाज लवकर मरतो, काशाचा रेंगाळतो. नाद संपला असं वाटतं त्यानंतरही अजून थोडा उरलेला असतो. तो धागा हातातून कधी सुटतो, ते बघा. रोज तीनदा. देवळात गेलात तर घंटेवर टोला देऊन पुढे न जाता जरा थांबा.

रेकॉर्डिंग ऐकायचं असेल तर हेडफोनवर आवाज निम्म्याहून कमी ठेवून ऐका. पण रेकॉर्डिंगवरून मत बनवू नका. खऱ्या वाटीचा नाद कानाइतकाच तळहाताला, छातीला, चटईखालच्या जमिनीला लागतो. तो फोनमधून येत नाही.

तिसरी पायरी: वाटी निवडणं

पहिली वाटी मध्यम घ्या, तोंडाचा व्यास १३ ते १६ सेंटिमीटर, वजन अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास. फार लहान वाटी किणकिणते आणि डोक्यात जाते. फार मोठी हातात पेलत नाही. क्वार्ट्झची पांढरी काचेसारखी मोठी वाटी पहिल्यांदा मुळीच नको. तिचा आवाज छोट्या खोलीत फार मोठा होतो, धक्का लागला तर ती फुटते, आणि किंमतही पुष्कळ असते.

दुकानदार ‘सप्तधातू’ म्हणेल. सोनं, चांदी, लोखंड, शिसं, सात ग्रहांचे सात धातू. प्रत्यक्षात चांगली वाटी म्हणजे काशाची, तांबं आणि कथील, बाकी असलंच तर नावापुरतं. पितळेची ओतीव वाटीही बाजारात भरपूर आहे, वर सुंदर नक्षी आणि मंत्र कोरलेली. पितळेत कथलाऐवजी जस्त असतं आणि आस तोकडी पडते. अमुक चक्राला अमुक वाटी, अमुक हर्ट्झला अमुक गुण, या यादीकडेही लक्ष देऊ नका. तुमच्या कानाला, तुमच्या अंगाला कुठली गोड लागते, हीच कसोटी.

दुकानात असं करा. वाटी सपाट तळहातावर ठेवा. मऊ गुंडाळलेल्या दांडीनं कडेच्या जरा खाली एक हलका टोला द्या आणि घड्याळ बघा. या आकाराच्या हातघडीच्या वाटीचा नाद निदान तीस-चाळीस सेकंद टिकायला हवा. मधेच खर्रर किंवा फटकल्यासारखा आवाज आला तर तडा असू शकतो, ती बाजूला ठेवा. लाटांचा वेग बघा. फार भरभर थरथरणारी वाटी जीव उतावळा करते. श्वासाच्या जवळपास जाणारी, सावकाश झुलणारी निवडा. मी एकदा घाईत, केवळ रंग आवडला म्हणून घेतली होती. ती आजही कपाटात आहे, वाजवावीशी वाटत नाही. तेव्हापासून दुकानात मी डोळे मिटून निवडते.

वाटीबरोबर दोन गोष्टी लागतात. एक दांडी, जिच्या एका टोकाला चामडं किंवा नमदा गुंडाळलेला असेल. आणि खाली ठेवायला गोल गादी. ती नसली तरी चालेल. जुन्या सुती साडीची चुंबळ करा, डोक्यावर हंडा घ्यायला करायचे तशी. वाटी तिच्यावर नीट बसते आणि छान घुमते.

चौथी पायरी: टोला

वाटी तळहातावर ठेवा, बोटं वाटीच्या भिंतीला लागू देऊ नका. बोट लागलं की नाद दबतो, जसा घंटेला हात लावला की दबतो. दांडी सैल धरा. वाटीला मारायचं नसतं, दांडी तिच्यावर पडू द्यायची आणि लगेच मागे घ्यायची. दार वाजवताना आतलं बाळ झोपलेलं असावं, इतक्या हलक्या हातानं.

मग थांबा. नवीन माणसाचा हात नाद अर्ध्यावर येताच दुसरा टोला द्यायला निघतो. त्याला अडवा. नाद पूर्ण विरू द्या, त्यानंतर एक श्वास आत, एक बाहेर, आणि मगच पुढचा टोला. पहिले चार दिवस एवढंच करा, दिवसाला सात टोले. माझ्या गुरुवारच्या मंडळींना मी सांगत असते की वाजवणं पाव हिस्सा आहे, उरलेलं सगळं ऐकणं आहे. ज्याला हे जमलं त्याला पुढचं काही शिकवावं लागत नाही.

पाचवी पायरी: कडेवरून दांडी फिरवणं

यालाच वाटी ‘गाते’ म्हणतात. व्हायोलिनचा गज तारेला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, तसंच लाकूड वाटीच्या कडेला चिकटत-सुटत जातं आणि वाटी थरारत राहते. आधी एक हलका टोला देऊन वाटी जागी करा. मग दांडी जवळजवळ उभी धरून बाहेरच्या कडेला टेकवा आणि सावकाश गोल फिरवा. मनगट फिरवू नका, अख्खा हात खांद्यातून फिरू द्या. ज्यांनी कधी जातं ओढलंय त्यांना हे लगेच जमतं, खुंट्याला धरलेला हात तसाच फिरतो. दाब एकसारखा, गती कमी.

खडखड वाजायला लागलं तर तीन कारणं असतात: हात फार वेगात आहे, दाब कमी पडतोय, किंवा नाद इतका वाढलाय की वाटी दांडीला झिडकारतेय. तिन्हीवर उपाय एकच, हात मंद करून दाब किंचित वाढवा, नाहीच जमलं तर दांडी उचला आणि उरलेला नाद ऐका. दोन-तीन आठवड्यांत हे बसतं. नाही बसलं तरी काही बिघडत नाही, नुसत्या टोल्यांवरही उत्तम नादस्नान होतं.

सहावी पायरी: घरच्या घरी वीस मिनिटं

वेळ निवडताना शेजाऱ्यापाजाऱ्यांचा आणि स्वयंपाकघराचा विचार करा. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यात, दूधवाला येऊन गेलाय, अशी वेळ. जेवून निदान दीड तास झालेला असावा. फोन दुसऱ्या खोलीत. पंखा खडखडत असेल तर बंद करा, उन्हाळ्यात एकवर ठेवा. पडून राहिल्यावर अंग थंड पडतं, म्हणून भर मे महिन्यातही पातळ चादर जवळ असू द्या.

एकटे असाल तर भिंतीला पाठ टेकून बसा, वाटी चुंबळीवर, मांडीजवळ. पहिली तीन मिनिटं काही वाजवू नका. खोलीत आधीच काय काय ऐकू येतंय ते ऐका: रिक्षा, कावळा, वरच्या मजल्यावरची खुर्ची. मग पहिला टोला. पुढची दहा-बारा मिनिटं टोले आणि मधली शांतता, घाई नाही. टोला देताना श्वास सोडा, म्हणजे श्वास आपोआप लांबतो. मन भटकलं तर त्याच्याशी भांडू नका, पुढच्या टोल्याला ते परत येतं. शेवटची पाच मिनिटं पुन्हा काही नाही, दांडी खाली, हात मांडीवर.

ही शेवटची पाच मिनिटं कापू नका. वाटी वाजवणं बंद केल्यावर खोलीत जी शांतता पडते ती सुरुवातीच्या शांततेसारखी नसते, आणि आपण एवढं सगळं तिच्यासाठीच करत असतो. आडवे झाला असाल तर उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन बसा. पाणी प्या. लगेच गाडी काढू नका.

बाहेर नादस्नानाला जाताना

पुण्या-मुंबईत आता जागोजागी नादस्नानं होतात. नाव नोंदवण्याआधी फोन करून चार प्रश्न विचारा: किती माणसं असतात, गाँग वाजवता का, वाटी अंगावर ठेवता का, आणि मधे उठून बाहेर जाता येतं का. शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर जाऊ नका. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब बरा करतो असं कुणी सांगितलं, तरीही जाऊ नका.

मी पहिल्यांदा गेले होते तेव्हा उशीर झाला आणि मोकळी जागा होती ती नेमकी मोठ्या गाँगपाशी. वाजवणाऱ्यानं तो माझ्या डोक्याशी इतक्या जोरात वाजवला की रात्रभर कान गात होते. उठावं की नाही या संकोचात मी पडून राहिले. तुम्ही राहू नका. दहा मिनिटं आधी पोचा, गाँगपासून लांबची, भिंतीकडेची जागा धरा, खिशात कापसाचे बोळे ठेवा. सोबत चटई, चादर, मानेखाली छोटी उशी. आवाज सहन होत नाहीसा झाला तर कान झाका, उठून बसा, बाहेर जा.

रडू आलं तर

येतं. चांगली धडधाकट माणसं, ज्यांनी वर्षानुवर्षं डोळ्यांत पाणी आणलं नाही, ती चटईवर पडल्या पडल्या रडतात. आमच्याकडे एक काका पत्नीच्या वर्षश्राद्धानंतर आठवड्यानं आले होते. तिसऱ्या टोल्याला त्यांना हुंदका फुटला. मी वाजवणं थांबवलं नाही, फक्त आवाज हलका केला. संपल्यावर शेजारी बसून चहा प्यायलो. ते म्हणाले, “घरी रडलो की मुलं घाबरतात हो.”

दिवसभर आपण स्वतःला आवळून धरलेलं असतं. अंग सैलावलं की त्याखाली दाबलेलं वर येतं. त्याचा अर्थ लावत बसायची गरज नाही. पण रडणं थांबेचना, जुना भयंकर प्रसंग डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहिला, छाती धडधडायला लागली, तर डोळे उघडा, उठून बसा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. असं दोनदा झालं तर वाटी काही दिवस बाजूला ठेवून समुपदेशकाकडे जा.

काहींना काहीच होत नाही, काही जण सरळ घोरतात. झोप लागणं हे अपयश नाही, त्या शरीराला तीच हवी होती.

खरंच उपयोग होतो का?

जेवढं माहीत आहे तेवढंच सांगते. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१ जणांना मार्गदर्शित विश्रांतीच्या आधी कधी १२ मिनिटं वाटीचा नाद ऐकवला, कधी नुसती शांतता दिली. नाद ऐकल्यावर वरचा रक्तदाब आणि नाडीचा वेग जास्त उतरला. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातून ६२ जणांचा अभ्यास आला. नादस्नानानंतर ताण, राग, थकवा, उदासी कमी झाल्याचं लोकांनी नोंदवलं, आणि ताण सर्वात जास्त उतरला तो पहिल्यांदाच आलेल्यांचा. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता. नुसतं तासभर आडवं पडूनही बरं वाटतंच. २०२० मध्ये असे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना निकषात बसणारे फक्त चार सापडले आणि ठाम शिफारस करता येत नाही, असं त्यांनी लिहिलं.

म्हणून मी कुणाला आजार बरा होण्याचं आश्वासन देत नाही. स्वतःसाठी एक वही ठेवा. वाजवण्याआधी ताण दहापैकी किती, नंतर किती, आणि रात्री झोप कशी लागली, एवढ्या तीन नोंदी. महिनाभरानं वही उघडा. फरक दिसला तर चालू ठेवा, नाही दिसला तर फिरायला जा, पोहा, भजनाला बसा. प्रत्येकाचा विसावा वेगळा असतो.

वाटीची निगा, आणि एक जोडीदार

कासं कडक असतं पण ठिसूळ. फरशीवर पडलं तर तडकतं, आणि तडकलेली वाटी पुन्हा पहिल्यासारखी बोलत नाही. वापर झाला की कोरड्या मऊ कापडानं पुसा, बोटांचे डाग राहू देऊ नका, कापडात गुंडाळून सखल जागी ठेवा. लहान मुलांना जरूर वाजवू द्या, पण जमिनीवर बसवून, आणि कानाशी वाटी नेऊ न देता.

महिना-दीड महिना झाला की घरातल्या एखाद्याला टोला द्यायला शिकवा. वाजवणाऱ्याचं लक्ष हातात अडकलेलं असतं, त्याला पूर्ण विसावता येत नाही. नवरा, सासूबाई, कॉलेजातली मुलगी, कुणीही चालेल. सात टोले आणि मधलं थांबणं, एवढंच शिकायचं आहे. मग पाळी लावा, एक दिवस तुम्ही वाजवा, एक दिवस आडवे व्हा.

आमच्या गुरुवारी सगळे गेल्यावर शेवटची पाळी माझी असते. ते काका आता छान वाजवतात. मी चटईवर पडते, ते चुंबळ सारखी करतात आणि पहिला टोला देण्याआधी विचारतात, “ताई, पंखा बंद करू?”